गोधडी गटासाठी यंदाचा अवघड ब्लॉक : कोणता घ्यावा?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. आमच्या गावात (तालुका देवळी, जिल्हा वर्धा) बायांचा गोधडीचा गट आहे. बचत गटातूनच निघाला. आधी सगळ्या घरच्यासारखीच गोधडी शिवायच्या. खाली जुनी लुगडी अंथरायची, वर मिळेल ते कापड जोडायचं आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचं. मग ब्लॉकचं काम शिकलो, म्हणजे तुकडे जोडून एका मापाचे नक्षीचे चौकोन करायचे आणि ते चौकोन जोडून गोधडी. नऊ चौकोनांचा नाइन पॅच झाला, लॉग केबिन झाला, त्रिकोण जोडून भिंगरीही झाली. आता बाया स्वतःहून म्हणतात की यंदा काहीतरी अवघड घेऊ. मला याचा फार आनंद आहे.

बेत असा : २० जणी, प्रत्येकीचा एक ब्लॉक, १२ इंची. ४ बाय ५ मांडले की ४८ बाय ६० इंच होतात, भोवती काठ लावून एक गोधडी. संक्रांत झाली की सुरुवात आणि पाडव्यापर्यंत ब्लॉक तयार.

अडचणी आधीच सांगते. रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याची कापणी), कापायची मॅट आमच्याकडे नाही. कात्री, पट्टी आणि खडू आहे. दोन पायमशिनी आहेत, पण त्या ब्लाउजच्या कामात अडकलेल्या असतात, म्हणजे शिलाई हातानंच. दुपारी वीज असेलच असं नाही, त्यामुळे इस्तरीचा भरवसा धरता येत नाही. कापड जुन्या सुती साड्यांचं आणि शिंप्याकडच्या कटपीसचं. नवीन कापड विकत आणायचं नाही हे पक्कं ठरलंय.

माझ्या डोळ्यांसमोर तीन नावं आहेत : मरीनर्स कंपास, डबल वेडिंग रिंग आणि आठ पाकळ्यांची लेमॉयन स्टार. तुम्ही काय सुचवाल? आणि अवघड कशाला म्हणायचं यावरही बोला, कारण आमच्यात त्यावरच दोन तट पडलेत.

दूरदेशी

मी मूळची यवतमाळची, आता अमेरिकेत असते आणि इथल्या गटात शिवते. मरीनर्स कंपास घ्या! होकायंत्राच्या तबकडीसारखा गोल, त्यात १६ टोकं, जमला तर ३२. कागदावर आकृती काढून घ्यायची, कागदाच्या मागून कापड ठेवायचं आणि रेघेवरून टीप मारत जायचं. शेवटी कागद फाडून टाकायचा. टोकं सुईसारखी येतात. पाहणारा थांबतोच.

शिंपीकाका

दूरदेशी ताई, ही रीत मशिनीची आहे. मशिनीवर टीप बारीक ठेवली की कागदाला जवळजवळ भोकं पडतात आणि तो अलगद सुटतो. हातच्या धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये अंतर राहतं. कागद ओढला की टाका ढिला होतो, आणि जुन्या साडीचं कापड असेल तर दोऱ्याशेजारी विरतंसुद्धा. हातानं करायचं तर कंपास साच्यावरूनच बेतावा लागेल. टोकं इतकी निमुळती की टोकाशी माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) धरायला जागाच राहत नाही.

वऱ्हाडी_माय

बाप्पा, सोळा टोकं! सुईदोरा ताई, तुम्ही संक्रांतीनंतर घेऊन रायल्या हे लय बरं केलं. आमच्या इकडं दिवाळीपासून कापसाची वेचणी चालू रायते. बोंडाच्या नखानं बोटं चिरून जातात, बारीक सुई धरवत नाही अन् दोरा कातडीत अडकते. कोणाच्या वावरात फरदड (हंगाम संपल्यावरही ठेवलेली पऱ्हाटी) असन तं फेब्रुवारीतही बाया मोकळ्या नाही रायत. म्हणून माह्यं म्हणणं, तुकडे मोजके असलेला ब्लॉक घ्या. अवघड असू द्या, पण संध्याकाळी घडी घालून डब्यात ठेवता आला पाहिजे, अन् दुसऱ्या दिवशी कुठं थांबलो ते समजलं पाहिजे.

सुईदोरा

माय, हे तुम्ही फार नेमकं सांगितलं. आमच्याही गटातल्या निम्म्याहून जास्त जणी वेचायला जातात.

गोफण

डबल वेडिंग रिंगबद्दल. ती दिसायला सुंदरच असते, पण तुमच्या बेतात बसत नाही. त्यात कडी एकमेकींत गुंफलेली असतात आणि शेजारच्या कड्याची कमान दोघींत सामाईक असते. प्रत्येकीनं घरी एक ब्लॉक पूर्ण केला आणि मग जोडले, असं सरळ होत नाही. एकीचं काम राहिलं की बाजूच्या चौघींचं अडतं. शिवाय सगळी शिलाई गोलाईची. एकटीच्या गोधडीला ठीक, २० जणींच्या नाही.

करवतकाठ

मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे मोहाडी-आंधळगावला टसरच्या करवतकाठी साड्या विणतात. काठाच्या आतल्या बाजूनं करवतीच्या दात्यांसारखी रांग असते, त्यावरूनच साडीचं नाव. अशी नक्षी आपल्याच भागातली असताना विदर्भातल्या बायांनी ब्लॉक बाहेरचा का घ्यावा? फेदर्ड स्टार पाहा. ताऱ्याच्या प्रत्येक कडेला बारीक त्रिकोणांची झालर असते, अगदी करवतीसारखी. अवघडही आहे आणि आपलाही वाटेल.

शिंपीकाका

करवत छानच. पण १२ इंचांत फेदर्ड स्टार बसवायचा तर ते दाते इंचाएवढे किंवा त्याहून लहान होतात. त्यात प्रत्येक बाजूला दोन सूत (पाव इंच) माया गेली की हातात धरायला काय उरलं? जुन्या सुती साडीच्या दशा निघतात. इंचाचा त्रिकोण दोनदा उसवला की संपला.

सुईदोरा

काकांशी सहमत. पण करवतकाठ ताई, तुमची कल्पना मी सोडणार नाही. काठ तर लावायचाच आहे. ब्लॉकच्या आत बारीक दाते घेण्यापेक्षा पूर्ण गोधडीच्या भोवती २ इंची दात्यांची करवत लावली तर? ४८ इंचांत २४ दाते, ६० इंचांत ३०, काही उरत नाही. दाते मोठे असल्यामुळे ज्यांना तारा झेपणार नाही अशा नव्या मुलींनाही तिथं हात घालता येईल. हे आज गटात मांडते.

करवतकाठ

मला तर हे जास्तच आवडलं! दात्यांचा रंग एकच ठेवा, गडद. खऱ्या साडीतही काठ आणि अंग यांच्या रंगांत ठळक फरक असतो, म्हणून तर दाते उठून दिसतात. प्रत्येक दाता वेगळ्या रंगाचा केला तर करवत दिसणार नाही, नुसती चिंध्यांची रांग दिसेल.

पऱ्हाटी

थोडा वेगळा मुद्दा. टोकाला टोक जुळलं म्हणजेच अवघड, असं आपण का धरून चाललोय?

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं नदीच्या वळणातलं गाव आहे. तिथे कापसाचा मोठा मळा होता आणि आजच्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज त्या मळ्यावर गुलाम होते. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतात घालून विटलेल्या पँटी, सदरे फाडून गोधड्या शिवत आल्या. १९६६ मध्ये तिथल्या परिसरातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था उभी केली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. त्यांचा आवडता नमुना हाउसटॉप, मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांवर पट्ट्या. एकही रेघ पट्टीनं आखलेली नाही. वाकडी पट्टी पाहून पुढची पट्टी कशी लावायची हे हातावरच ठरतं. ती नजर कमावणं मला १६ टोकांपेक्षा अवघड वाटतं. तेही कापसाचं गाव आणि आपलंही. मी हाउसटॉप सुचवते.

सुईदोरा

पऱ्हाटी, तुमचा प्रतिसाद मी गटात मोठ्यानं वाचून दाखवला. बाया बराच वेळ त्यावर बोलत होत्या. शेतातल्या विटक्या कपड्यांच्या गोधड्या टपाल तिकिटावर आल्या, हे ऐकून एक काकू म्हणाल्या की आमच्या पेटीतली वाकय (जुनी गोधडी) आता कोणाला पाय पुसायला देणार नाही.

पण निवडीबद्दल माझं मत वेगळं आहे. नजरेवर पट्टी लावणं आमच्या बायांना येतं, आयुष्यभर त्यांनी तेच केलंय. जे येत नाही आणि जे त्यांनी स्वतः मागितलं, ते नेमकेपण आहे. सासूबाईंच्या वयाच्या बाईनं 'मला टोक जुळवून दाखवायचंय' म्हटल्यावर तिला 'तुझं वाकडंच छान आहे' हे सांगणं मला पटत नाही. हाउसटॉप पुढच्या वर्षी नक्की.

पऱ्हाटी

पटलं. त्यांनी मागितलंय, तर तेच द्यायला हवं.

भूमिती

मग राहिली लेमॉयन स्टार. शाळेत गणित शिकवते, म्हणून आखणीचं सांगते, कारण या ब्लॉकचं खरं काम तिथेच आहे.

आठ शंकरपाळे, प्रत्येकाचा टोकाचा कोन ४५ अंशांचा. आठ गुणिले ४५, झाले ३६०. साचा एका अंशानं जास्त झाला तर मध्यावर आठ अंश जास्त होतात आणि तिथे फुगवटा येतो. कितीही दाबलं तरी बसत नाही. म्हणून कोनमापकावर विसंबू नका, शाळेच्या कंपासपेटीतला तो छोटा आणि ढोबळ असतो.

सुतळीनं करा. १२ इंचाचा चौकोनी कागद घ्या. दोन्ही कर्ण घडी घालून पाडा, मधल्या उभ्या-आडव्या घड्याही पाडा. सुतळीचं एक टोक कागदाच्या कोपऱ्यावर अंगठ्यानं धरा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून ती बरोबर मध्यापर्यंत पोचेल इतकी ठेवा. आता तीच सुतळी फिरवून कोपऱ्याला लागून असलेल्या दोन्ही बाजूंवर खूण करा. चारही कोपऱ्यांवरून असंच. प्रत्येक बाजूवर दोन खुणा येतील, जवळच्या कोपऱ्यापासून साडेतीन इंचांवर. ही आठ म्हणजे ताऱ्याची आठ टोकं.

समोरासमोरच्या खुणा उभ्या-आडव्या सरळ जोडल्या की चार कोपऱ्यांत चार चौकोन मिळतात. मग एकेका खुणेपासून कर्णाला समांतर तिरप्या रेघा ओढा, त्या आपोआप दुसऱ्या खुणेलाच जाऊन मिळतात. एवढ्यानं पूर्ण तारा उमटतो. शंकरपाळ्याची बाजू, कोपऱ्यातल्या चौकोनाची बाजू आणि त्रिकोणाच्या दोन आखूड बाजू, सगळ्या सारख्याच, साडेतीन इंच. आठ शंकरपाळे, चार चौकोन, चार त्रिकोण, एकूण सोळाच तुकडे.

कापडाला कात्री लावण्याआधी कागदाचे आठ शंकरपाळे कापून जमिनीवर मांडा. मधे फट किंवा चढ दिसला तर साचा चुकलाय.

वऱ्हाडी_माय

सोळा तुकडे म्हणजे माह्या डब्यात मावते!

दूरदेशी

एक सावधगिरी. या ब्लॉकमधला नावाजलेला त्रास म्हणजे आत बसवायचे कोपरे. दोन शंकरपाळ्यांच्या खाचेत चौकोन बसवायचा असतो, शिवण कडेपासून कडेपर्यंत सरळ जात नाही. इथल्या बऱ्याच जणी हा कोपरा टाळायला त्रिकोण जोडून तारा करतात. नवशिक्यांना मी तरी देणार नाही.

सुईदोरा

हाच कोपरा मी काल हातानं शिवून पाहिला. एका बाजूला धोतराचं पांढरं, दुसऱ्या बाजूला एका काकूंच्या जुन्या लुगड्याचं हिरवं. जे जाणवलं ते सविस्तर लिहिते, कारण माझा निर्णय त्यावरच झाला.

मशिनीवर हा कोपरा अवघड जातो, कारण दोन शिवणरेघा मिळतात त्या ठिपक्यावर टीप बरोबर थांबवून कापड वळवावं लागतं. एक टाका पुढे गेला तरी चुणी पडते. हातात सुई असली की थांबणं आपल्या ताब्यात असतं. मी आतल्या ठिपक्यापासून बाहेरच्या कडेकडे शिवत गेले. सुरुवातीला दोन उलट टाके घेतले, मायेत सुई घातलीच नाही. मग परत आतल्या ठिपक्याशी येऊन दुसरी बाजू तशीच. माया मोकळी राहते, त्यामुळे कापड हवं तसं वळतं. कोपरा स्वच्छ बसला.

म्हणजे ज्या गोष्टीला मशीनवाल्या बायका घाबरतात, ती आमच्या बायांच्या हाताला साधतच आली आहे. इतकी वर्षं त्यांनी हातानंच धावदोरा घातलाय. त्यांना नवं शिकायचं आहे ते आखायला, ठिपक्यावर थांबायला आणि बारीक टाका घालायला. मला वाटतं गटाला अवघड असंच द्यावं, जिथं अंगी असलेलं कसब कामी येईल आणि त्याला पुढची पायरी मिळेल. मरीनर्स कंपासमध्ये तसं होत नाही. तिथं सगळं नवं, शिवाय हत्यारंही आपली नाहीत.

शिंपीकाका

अगदी खरं. आता बेतण्याचं सांगतो.

साचा पुठ्ठ्याचा करू नका. चार वेळा पेन्सिल फिरली की कड झिजते आणि २० बायांचे शंकरपाळे २० मापांचे होतात. घरोघरी जुने एक्स-रे असतात, त्या फिल्मचा साचा करा. कड झिजत नाही आणि उजेडाकडे धरला की कापडावरची फुलंही थोडी दिसतात. साचा मायेसकट कापा, माया पाव इंच म्हणजे दोन सूत. मग शिवणरेघेच्या प्रत्येक कोपऱ्यावर दाभण तापवून भोक पाडा. कापडाच्या उलट बाजूवर साचा ठेवून भोकातून पेन्सिलचा ठिपका द्यायचा, ठिपक्याला ठिपका पट्टीनं जोडायचा. गडद कापडावर पेन्सिल दिसत नाही, तिथे आंघोळीच्या साबणाची झिजलेली पातळ वडी वापरा. खुणा धुतल्यावर जातात.

उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी कापलेली आणि ताणली जाणारी कड, सांभाळा. शंकरपाळ्याच्या दोन बाजू उभ्या धाग्यावर ठेवल्या तरी उरलेल्या दोन उरेबच येणार, त्याला इलाज नाही. त्या शिवताना ओढायच्या नाहीत. त्रिकोणाची मात्र लांब बाजू सरळ धाग्यावरच घ्या, कारण ती ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला येते. ती उरेब झाली तर ब्लॉक लांबतो आणि शेजारच्याशी जुळत नाही.

जुनी साडी फार मऊ पडली असेल तर बेतण्याआधी भाताच्या पेजेची पातळ खळ द्या आणि सावलीत ताणून वाळवा. इस्तरी नसली तरी कापड कडक राहतं. करवतीच्या काठासाठी २ इंचाच्या दात्याला पावणेतीन इंच आणि वर एक सूत एवढा चौकोन कापून तिरपा दुभागा, एक तुकडा गडद, एक फिका.

करवतकाठ

काका, टेरिकॉट चालेल का? गडद रंगाचं तेच जास्त मिळतं.

शिंपीकाका

नको. खळ धरत नाही, घडी राहत नाही, आणि शेजारचं सुती कापड धुऊन आटलं की ते तसंच राहतं, मग सगळं गोळा होतं. गडद सुती साडीचा पदर मिळाला तर पाहा. लाल, मरून असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून बघा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा ताऱ्यात कितीही शोभला तरी घेऊ नका, पहिल्याच धुण्यात धोतराच्या पांढऱ्यावर डाग पसरेल.

गोफण

मध्याचं काय करणार? आठ शिवणी एका ठिकाणी येतात म्हणजे केवढा गठ्ठा होईल! वर आपल्या गोधडीत खाली लुगड्यांचे थरही असतात.

दूरदेशी

हातशिलाईत त्यावर सुरेख तोड आहे. दोन-दोन शंकरपाळे जोडा, मग चार-चार, शेवटी दोन अर्धे एका शिवणीनं. प्रत्येक वेळी मध्याच्या ठिपक्यावर थांबायचं, पलीकडे जायचं नाही. नंतर उलट बाजूनं सगळ्या माया एकाच दिशेला वळवून बोटानं दाबा. मध्यावर इवलीशी भिंगरी उघडते आणि जाडी चहूकडे सारखी पसरते. ती भिंगरी दिसली की समजायचं, मध्य बरोबर बसला. आणि सुईदोरा, तुझं हाताबद्दलचं म्हणणं मला पटलंय. मीही आता तो कोपरा मशिनीखाली घालणार नाही.

वऱ्हाडी_माय

अन् थरातून धावदोरा घालतानी मध्यावरून सुई काढूच नका. प्रत्येक पाकळीच्या आतून, शिवणीपासून जरा अंतर ठेवून फिरवा. माया तिथं नसते, सुई सरळ जाते. जोडाच्या कामाले दाभणासारखी जाड सुई नको, बारीक घ्या. दोरा हातभरच ओवा, लांब घेतला का गुंता होते. म्हाताऱ्या बायांले सुया आधीच ओवून उशीले टोचून ठेवा, नातवंडं करतात ते काम.

भूमिती

टाके किती बारीक हवेत, हेही ठरवून टाका. जोडाच्या शिवणीला इंचाला ८ ते १० टाके पुरतात. गोधडीच्या धावदोऱ्याएवढे मोठे घातले तर टोकाशी फट दिसते.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. गटाची बैठक झाली, ठरलेलं लिहिते.

ब्लॉक लेमॉयन स्टार, १२ इंची, हातशिलाई. तारा प्रत्येकीच्या आपल्या रंगात, पण चौकोन आणि त्रिकोण सगळ्यांचे धोतराच्या पांढऱ्यात, म्हणजे २० वेगवेगळ्या साड्या असूनही गोधडी एक दिसेल. भोवती २ इंची करवत एकाच गडद रंगात. साचे मी आणि एक शिक्षिका मिळून सुतळीनं आखणार, एकाच कागदावरून सगळ्या फिल्म कापणार. पहिल्या बैठकीत कापड कापायचंच नाही. कागदाचे आठ तुकडे मांडायचे आणि चिंधीवर नुसता आतला कोपरा शिवून पाहायचा. ज्यांचा कोपरा बसेल त्या शेजारणीला शिकवतील. ज्यांना तारा नको त्यांच्याकडे करवत.

फेब्रुवारीत ज्या फरदड वेचायला जातील त्यांचे शंकरपाळे आधीच बेतून, जोड्या करून पिशवीत देणार आहोत.

नवी_सुई

उशिरा वाचला धागा. आमच्या गटात बायांना १२ इंच मोठं वाटतं, ९ इंची करता येईल का? सुतळीचं माप किती घ्यायचं?

भूमिती

सुतळीला माप लागत नाही. ९ इंचाचा कागद घ्या आणि कोपऱ्यापासून मध्यापर्यंत सुतळी धरा, बाकी सगळं तेच. शंकरपाळ्याची बाजू अडीच इंच आणि एक सूत येईल. माया मात्र तितकीच, दोन सूत.